पेटीतलं सर्टिफिकेट

आजचं बोलणं जरा लांबणार आहे, तेव्हा हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवूनच ऐका.

मागच्या महिन्यात डोंगराकडच्या एका वाडीवर गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, सह्या-अंगठे झाले, चहा चुलीवर होता. तेवढ्यात गटातल्या आशाताईंनी पिशवीतून कापडाची बाहुली काढली. त्या नुकत्याच नव्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. पुढे त्यावर परीक्षा होती, म्हणून मिळेल तिथे सराव चालला होता. जन्मलेलं बाळ रडलं नाही, श्वास घेईना, तर पहिल्या मिनिटात काय करायचं? कोरड्या कापडानं पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची. आशाताई पुटपुटत एकेक पायरी करत होत्या.

भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. या वाडीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली आहेत. त्यांनी विचारलं, "आणि नाळ?"

"नाळ लगेच नाही कापायची, आजी. बाळ रडत असेल तर एक ते तीन मिनिटं थांबायचं, असं आता शिकवतात."

आजी हसल्या. म्हणाल्या, "आमी वार पडूस्तोवर थांबायचो. तवा नर्सबाई रागं भरल्या. थांबताय काय, म्हणल्या, कापा लगीच. आता पुन्यांदा थांबा म्हनत्यात व्हय?"

मग त्यांनी नातवाला घरी पिटाळलं आणि एक पत्र्याची पेटी मागवली. पेटीत गंजलेली कात्री, नखं घासायचा ब्रश, रबरी कापडाचा चुरगळलेला तुकडा आणि तळाशी घडी घातलेला कागद. दाई प्रशिक्षण पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट! आजींना लिहिता-वाचता येत नाही. आम्ही ते मोठ्यानं वाचलं, आणि नावापाशी येऊन थांबलो. त्यावर आजींचं माहेरचं नाव होतं. शिकवायला आलेल्या नर्सबाई आजींच्या माहेरगावच्या होत्या. त्यांनी लहानपणापासून ओळखीचं नाव लिहून टाकलं. लग्नात आजींचं नाव बदललं होतं. त्या नावाची बाई या गावात कधी नव्हतीच.

"म्हनून तर दहा रुपये मिळालं न्हाईत," आजी म्हणाल्या.

ते दहा रुपये कसले, हे सांगायचं तर मागं जावं लागेल, आणि थोडंथोडकं नाही, शंभर-सव्वाशे वर्षं. अडलेल्या वेळी धावून येणाऱ्या बाईला कुणी शिकवलं, काय शिकवलं, कितीदा बदलून शिकवलं आणि शेवटी तिला वर्गाबाहेर कसं ठेवलं, ते आज आम्ही सांगणार आहोत. रात्री-अपरात्री गावात वैद्य नाही, दवाखाना नाही, गाडी नाही, अशा काळात सुईण हीच आपली रुग्णवाहिका होती.

आपल्याकडे पुष्कळ गावांत हे काम मातंग किंवा न्हावी समाजातल्या बायका करत. कळा सुरू झाल्या की त्यांना हाताला धरून आत न्यायचं. नाळ कापणं, वार पुरणं, रक्तामांसाचे कपडे धुणं त्यांनीच करायचं. काम झालं की तो विटाळ. मग त्याच हातचं पाणी चालायचं नाही. मोबदला म्हणजे लुगडं, नारळ, सुपातलं धान्य, आणि मुलगी झाली तर तेही हात आखडून. आपल्या आज्या-पणज्यांनी हे केलेलं आहे. ते लपवून सुईणींचं नुसतं कौतुक करणं आम्हाला बरं वाटत नाही.

त्यांच्या कामात चांगलं होतं आणि घातकही होतं. बाईला एकटं न सोडणं, धीर देणं, पोटावर हात ठेवून बाळ आडवं की उभं ते ओळखणं, हे चांगलं. न धुतलेला विळा, नाळेवर राख नाहीतर शेण, पहिला चीक पिळून टाकणं, हे घातक. नाळेतून धनुर्वात व्हायचा आणि पाचवी-सहावीच्या आसपास बाळ जायचं. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. न रडणाऱ्या बाळाला पाय धरून उलटं करायचे, पाठीवर थापट्या मारायचे. नाळ न कापता वार निखाऱ्यावर शेकायचीही पद्धत होती, म्हणजे ऊब नाळेतून बाळापर्यंत जाईल. कधी त्या शेकण्यात बाळ रडायचं, मग वारेनं जीव दिला म्हणायचे. खरं म्हणजे त्या वेळात बाळाला हवा होता श्वास.

सरकारदरबारी सुईणीची आठवण झाली ती इंग्रजांच्या राज्यात. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत म्हणून निधी उभा केला. त्यातून दवाखाने झाले, डॉक्टरीणबाई आणि नर्सा तयार झाल्या. पण त्या राहिल्या शहरात. पुढे १९०३ च्या सुमारास लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या नावानं वेगळा निधी काढला. त्याचा हेतू एकच, परंपरेनं काम करणाऱ्या दायांना शिकवणं. आपल्या पुण्यातही रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं विधवा आणि गरजू बायकांना नर्सिंगची, सुईणपणाची वाट मोकळी करून दिली. मात्र त्या शिकलेल्या घरांतल्या, बहुतेक वरच्या जातींतल्या. गावकुसाबाहेरची सुईण तिथपर्यंत कुठून पोचणार?

त्याच सुमारास खुद्द इंग्लंडात काय चाललं होतं, ते ऐकण्यासारखं आहे. तिथंही गावोगाव न शिकलेल्या सुईणी होत्याच. १९०२ मध्ये तिथं सुईणींचा कायदा झाला. नव्या बाईला परीक्षा दिल्याशिवाय काम करता येणार नाही, असं ठरलं. पण ज्या बायका आधीपासून वर्षभर तरी हे काम करत होत्या आणि ज्यांची चालचलणूक चांगली होती, त्यांना परीक्षेशिवाय नाव नोंदवायला मुदत दिली. सर्टिफिकेट नसलेल्या बाईनं धंदा म्हणून बाळंतपणं करायची नाहीत, ही बंदी १९१० पासून पुरती लागू झाली. नोंदवलेल्या म्हाताऱ्या सुईणींची पिशवी तपासायला बाई यायची, चुकलं तर कान धरायची. पण त्यांना एका दिवसात घरी बसवलं नाही. आम्हाला ही गोष्ट शहाणपणाची वाटते. आपल्या मुंबई इलाख्यातही १९३५ मध्ये नर्स आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा आला. पण नोंदणी शिकून परीक्षा दिलेल्यांची. वाडीवरच्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीनं सगळ्या देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल दिला. त्यात दाईबद्दल सरळ कबुली होती. शिकलेल्या सुईणी पुरेशा तयार व्हायला बरीच वर्षं लागतील, तोवर हिला टाळता येणार नाही, तर हिलाच शिकवा. म्हणजे दाई ही तात्पुरती सोय! हा शब्द लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. तात्पुरती म्हणून घेतलेल्या माणसाला पुढे निरोप देणं सोपं जातं. आपल्यातल्या मानधनावर काम करणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

आजींचं सर्टिफिकेट ज्या योजनेतलं, ती १९७७ ची. हजार वस्तीमागे एक शिकलेली दाई असावी, असं ठरलं. प्रशिक्षण तीस दिवसांचं, भत्ता ३०० रुपये. आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात धडे, उरलेले चार दिवस नर्सबाईबरोबर गावोगाव फिरायचं. दोन बाळंतपणं तरी नर्सबाईच्या देखत करायची. शेवटी पेटी आणि सर्टिफिकेट. त्यानंतर केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची उपकेंद्रात नोंद झाली की १० रुपये, आणि बाळाची नोंद केली की ३ रुपये.

हेच ते दहा रुपये. आजी दोनदा तालुक्याच्या एका कार्यालयात गेल्या. बाबू म्हणाला, सर्टिफिकेटवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. एस.टी.चं भाडं आणि बुडलेली मजुरी धरली तर दहा रुपयांपेक्षा जास्त जात होतं.

पण शिकल्या त्या मनापासून. "पाच गोष्टी" त्या अजून बोटांवर म्हणतात. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळेचं टोक स्वच्छ. टोकाला काही लावायचं नाही. हे पाच धडे आणि गरोदर बायांना धनुर्वाताची सुई, या दोन्हींनी मिळून कितीतरी पोरं वाचवली. आजी म्हणतात, पहिल्या वर्षी लोक हसायचे. "शेण लावत न्हाई, म्हंजी हिला काय येत न्हाई." पुढच्या वर्षी हसायचे थांबले.

आता न रडणाऱ्या बाळाकडे येऊ, कारण गोष्टीचा गाभा तिथं आहे. बाकी धडे सावकाश वापरता येतात. या एका गोष्टीला मात्र मिनिटाचीही सवड नसते. तिथं शिकवण जुनी असली की बाळ हातचं जातं.

आपल्या राज्यातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं यावर जे काम केलं ते जगभर वाचलं गेलं. १९८६ च्या सुमारास ते तिथं गेले. त्यांनी शिकवायला घेतल्या त्या गावातल्याच बायका. पहिल्यांदा लहान मुलांच्या न्यूमोनियाचं काम होतं. पोराचे श्वास मिनिटाला किती, ते मोजायचं. पण ज्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही ती काय करणार? 'नापास' म्हणून तिला परत पाठवता आलं असतं. त्यांनी तिच्यासाठी साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत खुणेचा मणी आला तर पोराला न्यूमोनिया आहे. सुईणीसुद्धा औषधाच्या गोळ्या देऊ लागल्या, आणि न्यूमोनियानं मरणारी पोरं वाचू लागली. हे काम १९९० मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आलं.

त्यानंतर त्यांनी जन्मलेल्या बाळाकडे मोर्चा वळवला. गावातल्या सुईणींना आधी शिकवलं तोंडानं श्वास द्यायला. त्याचा गुण आला, पण थोडाच. मग १९९५ पासून ३९ गावांत वेगळी रचना केली. प्रत्येक गावातली एक पाचवी ते दहावी शिकलेली बाई निवडली, तिला आरोग्यदूत केलं. बाळंतपणाला सुईण आईकडे बघेल आणि आरोग्यदूत बाळाकडे. विचार करा, एकट्या सुईणीनं काय काय करायचं? इकडे आईला रक्तस्राव, वार पडायची आहे, आणि तिकडे बाळ निळं पडलंय. दोन जीव आणि हात दोनच. आता हात चार झाले.

साधनही बदलत गेलं. सुरुवातीला नळी आणि मास्क, म्हणजे नळीच्या एका टोकातून बाईनं फुंकायचं. मग १९९९ पासून हातानं दाबायची अंबू बॅग आणि मास्क. म्हणजे त्या बायका एकच काम दोनदा नव्यानं शिकल्या. आधीचं चुकीचं म्हणून नव्हे, तर त्याहून बरं सापडलं म्हणून. आणि का बदललं, ते त्यांना सांगितलं गेलं. नुसती सुईण असताना जी बाळं फार गुदमरलेली जन्मत, त्यांतली शंभरात ३९ दगावत. दोघी मिळून काम करू लागल्यावर २० दगावत. गुदमरून होणारे एकूण मृत्यू ६५ टक्क्यांनी उतरले. ताप, थंडी, जंतुसंसर्ग या सगळ्यांवरची कामं धरून त्या गावांत जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं.

आणखी एक मजा सांगतो. त्या काळी मोठ्या दवाखान्यांत गुदमरलेल्या बाळाला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, असा नियम होता. गावात ऑक्सिजन कुठला? त्या बॅगेत आपली रोजचीच हवा. १९९३ मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी पडताळून पाहिलं की पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेनंही तितकाच गुण येतो. पुढे आणखी अभ्यास झाले, आणि २०१० मध्ये जगभरचे नियम बदलले. सुरुवात साध्या हवेनं करा, म्हणाले. नाळेचंही तसंच झालं. कित्येक वर्षं "लगेच कापा" शिकवलं. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, रडणाऱ्या बाळाची नाळ एक ते तीन मिनिटांनी कापा, बाळाला वारेतलं रक्त जास्त मिळतं, अंगात लोह राहतं. बाळ श्वास घेत नसेल तर मात्र थांबायचं नाही, लगेच कापून श्वास द्यायला लागायचं. म्हणजे आजींचं थांबणं अगदीच खुळेपणाचं नव्हतं. वार शेकणं मात्र चुकीचंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच आजीच्या हातच्या आहेत. कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची, हे बसून समजावून सांगावं लागतं. रागं भरून ते होत नाही.

पण नेमकं त्याच वर्षांत सुईणीचं नशीब फिरलं. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी मिळून सांगितलं होतं की सुईणींना शिकवा, त्या उपयोगाच्या आहेत. बाराच वर्षांनी, २००४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं सुईणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनांबरोबर नवं निवेदन काढलं. 'कुशल प्रसूती सहायक' कुणाला म्हणायचं, याची व्याख्या त्यात ठरली. डॉक्टर, नर्स, रीतसर शिकलेली सुईण. गावची दाई त्यात नाही, आणि शिकवलेली असली तरी नाही. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, आपल्याकडे जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून पैसे मिळू लागले, आशाताई नेमल्या गेल्या. आजींना पुन्हा प्रशिक्षणाचं बोलावणं आलं नाही.

ही चूक होती का? आम्ही याच्यावर बरंच भांडलो. आमच्यातली एक म्हणाली, चूकच. दुसरीच्या बहिणीला घरी बाळंत होताना रक्तस्राव झाला होता, आणि दवाखान्यात रक्त मिळालं म्हणून ती आज जिवंत आहे. ती म्हणाली, सुईण कितीही शिकवा, तिच्या पेटीत रक्ताची बाटली नसते, ऑपरेशनचं टेबल नसतं. हे खरं आहे. सुईणींची प्रशिक्षणं इतकी झाली, पण आईचे मृत्यू त्यांनी म्हणावे तसे कमी झाले नव्हते. २००४ ते २००६ या काळात महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे १३० आया दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्याकडे वळणं बरोबरच होतं. तेव्हा आज हे ऐकून कुणी घरी बाळंत व्हायचं ठरवू नका. कळा लागल्या की १०२ नाहीतर १०८ ला फोन करा.

आमचं म्हणणं दुसरं आहे. नवं माप आलं तेव्हा जुन्या हातांचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नाही. इंग्लंडनं मुदत दिली, गडचिरोलीत शेजारी नवी बाई बसवली. आपल्या वाड्यांवर मात्र एक दिवस पेटीतले दोरे-ब्लेड संपले आणि पुन्हा भरून कुणी दिले नाहीत.

माप फक्त सुईणीचं बदललं असंही नाही. नर्सबाईंचंच बघा. पूर्वी एएनएमचं शिक्षण दोन वर्षांचं होतं आणि त्यात बाळंतपणावर भर होता. सत्तरच्या दशकात त्यांना 'बहुउद्देशीय' केलं, शिक्षण दीड वर्षावर आणलं, आणि कुटुंबनियोजनाच्या कामाच्या ओझ्याखाली बाळंतपणाचा हात सुटत गेला. २००५ नंतर पुन्हा 'कुशल सहायक' व्हायचं म्हणून त्यांनाच तीन-तीन आठवडे प्रशिक्षणाला बसवलं. झटके आले तर पहिलं इंजेक्शन, रक्तस्रावाचं इंजेक्शन, ही परवानगी त्यांना तेव्हा मिळाली. २००९ पासून नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचं दोन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आलं. आता रुग्णवाहिकेत काम करणाऱ्या तंत्रज्ञांचीही पाळी आहे. २०२१ च्या नव्या कायद्यात त्यांच्या शिक्षणाचं माप आणि नोंदणी येते. गाडीत आपल्या लेकीसुनांचा जीव ज्यांच्या हाती असतो, त्यांना नवं शिकवलंच पाहिजे. त्यात दुमत नाही.

आणि आशाताई? २०११ पासून त्या घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, घरच्या बाळंतपणानंतर सात, आणि सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. ही कल्पना गडचिरोलीतूनच देशभर गेली. आता त्यांच्यासाठीही परीक्षा आणि प्रमाणपत्र आलं. आमच्या भागात पंचेचाळिशीच्या आशाताई आहेत. आठवी होऊन तीस वर्षं झाली. बाहुलीवर हात सफाईनं चालतो आणि पेपरात वाक्य अडतं. एकीनं आम्हाला विचारलं, "मला काढतील का हो?" आम्ही नाही म्हणालो, पण छातीठोकपणे म्हणता आलं नाही. म्हणून आम्ही आमच्या गटांत एक सुरू केलंय. परीक्षेआधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी गटातली कॉलेजला जाणारी मुलगी आशाताईंना प्रश्न वाचून दाखवते आणि लिहायचा सराव घेते. मुलगीही शिकते. तुमच्या गावी करून बघा. आणि प्रशिक्षणाच्या दिवसाची मजुरी बुडते, तिची मागणी ग्रामसभेत लावून धरा.

शेवटी त्या वाडीतल्या एका रात्रीबद्दल सांगतो. आषाढातली रात्र, ओढा भरून वाहत होता. गाडी पलीकडे येऊन थांबली, अलीकडे येता येईना. पोरीला कळा दाटून आलेल्या. आशाताई पोचल्या आणि त्यांनी स्वतःहून आजींना हाक मारली. वीस वर्षांत कुणी मारली नव्हती. आजींनी हात धुतले, कोपरापर्यंत, ब्रशनं. बाळ निळसर आलं, रडेना. आशाताईंनी ते कोरड्या कापडात घेतलं, पुसलं, पाठ चोळली. इकडे आजी आईजवळून हलल्या नाहीत. बाळानं आचका दिला आणि रडायला लागलं. पहाटे ओढा उतरला तशी गाडी दोघांना घेऊन गेली.

चार दिवसांनी जन्माची नोंद करायची होती. त्या फॉर्मवर एक रकाना असतो, प्रसूतीच्या वेळी मदत कुणी केली. डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित सुईण, हा एक पर्याय. पारंपरिक दाई, हा दुसरा. नातेवाईक किंवा इतर, हा तिसरा. आशाताई सर्टिफिकेट घेऊन गेल्या होत्या, म्हणाल्या, प्रशिक्षित लिहा. लिहिणाऱ्यानं नाव बघितलं, आजींचं आधार कार्ड बघितलं, आणि 'इतर'वर खूण केली.

हे आजींना कसं सांगायचं, म्हणून आम्ही अडखळत होतो. आजींनी ऐकून घेतलं, पेटीचं झाकण लावलं आणि विचारलं, "आन् पोरीचं नाव? त्ये तरी नीट लिवलंय न्हवं?"